किडनी ठणठणीत, मग पोटॅशियम का चढतं?

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

आम्ही फोंडा तालुक्यातले. माझा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला आहे, फुटबॉल खेळतो. स्पर्धेआधीच्या तपासणीत त्याचं बीपी १५२/९८ निघालं. पोरगं घाबरलं असेल म्हणून पुन्हा पाहिलं, तरी तेवढंच. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.३. लॅबवाले म्हणाले, नमुना खराब झाला असेल. दुसऱ्यांदा दिलं, ६.१. क्रिएटिनिन ०.८, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या व्यवस्थित. शेवटी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. तिथे आणखी तपासण्या झाल्या (बायकार्बोनेट १७, क्लोराइड ११३, रेनिन कमी) आणि डॉक्टरांनी ‘गॉर्डन सिंड्रोम असावा’ असं लिहिलं. जनुकीय तपासणी सुचवली आणि हायड्रोक्लोरोथायाझाइडची १२.५ ची एक गोळी रोज सकाळी सुरू केली. दोन आठवड्यांनी पोटॅशियम ४.६ आणि बीपी १२६/८०.

डॉक्टर म्हणाले, ‘किडनी चांगली आहे, पेशींमधलं सिग्नलिंग बिघडलं आहे.’ बाहेर गर्दी होती, पुढे विचारायचा धीर झाला नाही. किडनी चांगली तर हा किडनीचा आजार कसा? शेजारीण म्हणते, काणकोणात चालतं तसलंच काहीतरी असेल. दीर बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ घेऊन आले आहेत आणि रोज एक शहाळं द्या म्हणतात. सासूबाईंना देवाला कौल लावायचा आहे. जाऊबाई म्हणतात, ‘आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं.’ माझ्या यजमानांना मात्र तेहतिसाव्या वर्षापासून बीपी आहे, टेल्मिसार्टन घेतात, एकदा मुतखडाही झाला होता. धाकटी मुलगी बारा वर्षांची, तिला काही त्रास नाही. मुलाला पुढे बोटीवर जायचं आहे. ती आशा सोडावी का? आणि आता सगळं नॉर्मल आलंय तर गोळी बंद केली तर चालेल का?

– एक आई

ताई,

तुमच्या पत्राच्या तळाशी असलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं सावकाश वाचता येईल. गोळी बंद करू नका. पोटॅशियम ४.६ आलं ते गोळी चालू आहे म्हणून. ती थांबवलीत तर आकडे पुन्हा वर जाणार. सहाच्या पुढचं पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, आणि चढताना ते बहुतेक वेळा काही जाणवू देत नाही. मात्रा कमी करायची की वाढवायची, हे तपासणारे डॉक्टर ठरवतील. मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. तुम्हाला बाहेरच्या गर्दीमुळे जे विचारता आलं नाही, तेवढं समजावून सांगणं हे माझं इथलं काम.

किडनी चांगली असताना किडनीचा आजार कसा, हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपण किडनीची परीक्षा करतो ती क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी यांवर. क्रिएटिनिन सांगतं की रक्त गाळलं जातंय की नाही. सोनोग्राफी आकार, खडे, सूज दाखवते. पण गाळणं हे किडनीचं निम्मं काम झालं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यात दीड किलोच्या आसपास मीठ असतं. तेवढं सगळं लघवीवाटे गेलं तर माणूस दिवस काढणार नाही. म्हणून गाळलेल्या मिठातलं ९९ टक्के मीठ किडनीतल्या बारीक नलिका परत रक्तात ओढून घेतात. किती ओढायचं, किती सोडायचं, पोटॅशियम किती बाहेर टाकायचं, आम्ल किती टाकायचं, हा सगळा हिशेब नलिकांचा. क्रिएटिनिनमध्ये त्यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या मुलाचा बिघाड या हिशेबात आहे.

म्हणूनच शेजारणीची भीती बाजूला ठेवा. काणकोणच्या ज्या विकाराबद्दल वर्षानुवर्षं बोललं जातं, त्यात किडनीची गाळण्याची ताकदच हळूहळू कमी होते, क्रिएटिनिन चढत जातं. तुमच्या मुलाचं ०.८ आहे. गॉर्डन सिंड्रोममध्ये गाळण्याची ताकद सहसा शाबूत राहते. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं, तर मात्र ते किडनीलाही सोडत नाही आणि हृदयालाही नाही.

लॅबवाल्यांनाही दोष देऊ नका. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असतं. रक्त काढताना दंड फार वेळ आवळून ठेवला, मूठ उघडझाप करायला लावली, किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर आकडा खोटाच वर जातो. सतरा वर्षांच्या धडधाकट मुलाचा ६.३ आकडा पाहून पुन्हा रक्त मागणं हेच बरोबर होतं. दुसऱ्यांदाही तसाच आला आणि सोबत बायकार्बोनेट कमी, क्लोराइड जास्त, तेव्हा बांबोळीच्या डॉक्टरांनी ते तीन आकडे एकत्र वाचले. मला त्यांचं कौतुक वाटतं. तरुण मुलाचं बीपी वाढलं की बहुतेक ठिकाणी एक गोळी लिहून बोळवण होते. आणि ती गोळी तुमचे यजमान घेतात त्याच प्रकारची असती, तर इथे उलटं झालं असतं. ते पुढे सांगते.

आता ‘सिग्नलिंग’. हे जरा निवांत वाचा, कारण बाकी सगळी उत्तरं यातूनच निघतात.

नलिकेच्या शेवटाकडच्या एका छोट्या टप्प्यावर, पेशींच्या पृष्ठभागावर एनसीसी नावाचं प्रथिन बसलेलं असतं. सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे मिठाचे दोन्ही घटक, ते जोडीने आत उचलून घेतं. गाळलेल्या एकूण मिठापैकी जेमतेम पाच ते दहा टक्के याच्या वाट्याला येतं. थोडं वाटतं, पण दीड किलोचे पाच टक्के म्हणजे पाऊणशे ग्रॅम झाले, आणि आपण दिवसभरात खातो त्याच्या कितीतरी पट. इथे थोडी जरी गडबड झाली तरी शरीरात मीठ साठतं, त्यामागोमाग पाणी साठतं आणि बीपी चढतं.

तुम्ही फोंड्याच्या, म्हणजे खाजन शेती आणि मानस काय ते तुम्हाला सांगायला नको. मानशीचं दार भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, म्हणून खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. तुमच्या मुलाच्या किडनीत दार नवंकोरं आहे, बांध मजबूत आहे, पण भरती आली तरी दार मिटतच नाही. एनसीसी हे ते दार. त्याने कधी मिटायचं याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि शेत खारं होत जातं.

हा निरोप रसायनांचा असतो. एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेटचा छोटासा गट चिकटवतं, त्यामुळे ते दुसरं प्रथिन कामाला लागतं आणि तिसऱ्यावर तोच गट चिकटवतं. इथल्या साखळीत वरच्या टोकाला डब्ल्यूएनके कुळातली प्रथिनं आहेत. ती स्पॅक नावाच्या प्रथिनाला जागं करतात, स्पॅक एनसीसीवर फॉस्फेट लावतं आणि एनसीसी मीठ ओढू लागतं. फॉस्फेट निघालं की ते थंडावतं.

डब्ल्यूएनकेला तरी कोण सांगतं? मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो. ते पेशीच्या आतल्या क्लोराइडवर लक्ष ठेवून असतं, आणि ते क्लोराइड रक्तातल्या पोटॅशियमप्रमाणे बदलतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की त्या पेशीवरचा विद्युतभार बदलतो, आत क्लोराइड वाढतं, ते डब्ल्यूएनकेला जाऊन चिकटतं आणि त्याला गप्प करतं. साखळी थांबते, एनसीसी मीठ घेणं कमी करतं. मग तो सोडियम पुढच्या टप्प्यावर जातो, तिथे सोडियम आत घेताना बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकलं जातं. म्हणजे केळं खाल्लं, पोटॅशियम वाढलं, किडनीने सोडियम पुढे सोडला आणि जास्तीचं पोटॅशियम लघवीतून गेलं. पोटॅशियम कमी पडलं तर याच्या बरोबर उलट.

तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच अडलं आहे. पोटॅशियम सहाच्या वर गेलं, म्हणजे डब्ल्यूएनके गप्प बसायला हवं होतं. ते बसत नाही, कारण ते एक तर गरजेपेक्षा जास्त तयार होतं किंवा वेळेवर मोडीत निघत नाही. आपल्या पेशी जुनी आणि नको झालेली प्रथिनं हुडकून, त्यांच्यावर खूण करून ती मोडतात. डब्ल्यूएनकेवर ही खूण करण्याचं काम केएलएचएल३ आणि सीयूएल३ ही दोन प्रथिनं मिळून करतात. त्यांपैकी एकात खोट आली, किंवा डब्ल्यूएनकेचाच तो भाग बदलला जिथे ती त्याला पकडतात, तर डब्ल्यूएनके साचत राहतं. एनसीसी दिवसरात्र मीठ ओढत राहतं. पुढच्या टप्प्यावर सोडियम पोचतच नाही, त्यामुळे पोटॅशियमला बाहेर पडायला बदली मिळत नाही, आणि आम्लही अडकून राहतं. मीठ साठल्याने बीपी, अडकलेल्या पोटॅशियममुळे ६.१, अडकलेल्या आम्लामुळे बायकार्बोनेट १७. शरीराला मीठ भरपूर आहे हे कळतं, म्हणून मीठ राखायला सांगणारं रेनिन खाली जातं. तुमच्या रिपोर्टवरचे चारही आकडे एकाच ठिकाणाहून आलेले आहेत.

याचा शोध मात्र उलट्या दिशेने लागला. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात पंधरा वर्षांच्या एका मुलाची नोंद झाली, बीपी जास्त, पोटॅशियम जास्त, किडनीचं गाळणं व्यवस्थित. १९७० मध्ये तिथल्याच रिचर्ड गॉर्डन यांनी दहा वर्षांच्या एका मुलीबद्दल लिहिलं. तिचं मीठ तोडलं आणि बीपी, पोटॅशियम दोन्ही जाग्यावर आलं. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने आणि त्यांच्या पॅरिसच्या सहकाऱ्यांनी अशा घराण्यांची जनुकं तपासून डब्ल्यूएनके१ आणि डब्ल्यूएनके४ शोधली, आणि केएलएचएल३ व सीयूएल३ उजेडात यायला २०१२ उजाडलं. तुमच्या मुलाच्या गोळीच्या कुळातलं पहिलं औषध मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीसच बाजारात आलं होतं. ते एनसीसीलाच जाऊन अडवतं. म्हणजे वरच्या निरोपाचा कितीही घोळ असो, ज्याच्यापर्यंत तो पोचतो त्यालाच ही गोळी आवरते. बीपीच्या बहुतेक रुग्णांत हे औषध अनेकांतलं एक असतं. इथे ते नेमक्या जागी लागतं, म्हणून बारीकशा मात्रेने दोन आठवड्यांत सगळे आकडे सुधारले. हा प्रतिसाददेखील निदानाच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. एवढ्या स्वस्त गोळीने काय होणार, असं घरात कुणी म्हणालं असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

गोळी जास्त झाली तर काय होतं, तेही लक्षात ठेवा. ज्यांच्यात जन्मतः एनसीसी नीट काम करत नाही, त्यांना गिटेलमन सिंड्रोम होतो. पोटॅशियम कमी, बीपी कमी, पायात गोळे, थकवा. थायाझाइडची मात्रा जास्त झाली की माणूस त्याच बाजूला झुकतो. तुमचा मुलगा फुटबॉल खेळतो, एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे घामाने अंग निथळतं. सरावानंतर चक्कर, पोटऱ्यांत गोळे, विलक्षण थकवा असं होऊ लागलं तर रक्त तपासून घ्या. उलट्या-जुलाब सुरू झाले तर त्या दिवशी गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. पोटॅशियम, सोडियम, बायकार्बोनेट ठरलेल्या अंतराने पाहत राहावं लागेल, कधीतरी युरिक ॲसिड आणि साखरही. उन्हात त्वचा लवकर भाजते, टोपी आणि अंगभर शर्ट बरा. पावसाळ्यात ताप आला की घरातली उरलीसुरली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. दोन्हींमुळे पोटॅशियम वाढू शकतं. कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकचंही तसंच. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ‘याचं पोटॅशियम चढतं’ हे पहिलं वाक्य असू द्या. अंगात एकाएकी शक्ती नसल्यासारखं वाटलं, किंवा छाती धडधडून ठोके चुकल्यासारखे झाले, तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचं आणि ईसीजी काढायचा.

आता दीरांचं मीठ. दीर चुकीचं काही बोलत नाहीत, फक्त ते दुसऱ्या माणसांबद्दल बोलत आहेत. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमध्ये ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर, ज्यांना आधी पक्षाघात झाला होता किंवा ज्यांचं वय साठच्या पुढे आणि बीपी जास्त होतं, एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरून पाहिलं. पक्षाघाताचं आणि मृत्यूंचं प्रमाण कमी झालं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण लहान मुलं, गर्भवती आणि ज्यांच्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकायला अडचण आहे, त्यांना वगळून. वर सांगितलेली साखळी आठवा. धडधाकट माणसात पोटॅशियम वाढलं की एनसीसी मीठ सोडतं, म्हणून बीपी उतरतं. तुमच्या मुलात ते ऐकलंच जात नाही, म्हणून नुसतं पोटॅशियम चढतं. ते पाकीट दीरांना परत द्या. त्यांच्या घरात सगळ्यांच्या किडन्या नीट असतील आणि कुणी पोटॅशियम वाढवणारी गोळी घेत नसेल, तर ते त्यांना उपयोगी पडेल. फक्त तुमच्या स्वयंपाकघरात ते नको, कारण घरातल्या डब्यात गेलं की कुणाच्या ताटात काय पडलं ते कळत नाही.

शहाळ्याचंही तेच. शंभर मिलीलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि एका शहाळ्यात एक-दोन पेले निघतात. रोज एक शहाळं बंद. पण घाबरून सगळंच तोडू नका. गोळीने पोटॅशियम जागेवर राहिलं तर मोयराचं एखादं केळं, आमटी, पालेभाजी, हुमण यांनी आकाश कोसळत नाही. खोबऱ्याच्या वाटपाशिवाय या मुलाला जेवण जाणार कसं? पहिले काही महिने, आकडे स्थिर होईपर्यंत फळांचे रस, टोमॅटोचं सूप, सुका मेवा आणि खेळाडूंसाठीची म्हणून विकली जाणारी पेयं बेताने. पुढचं आहारतज्ज्ञांशी आकडे पाहून ठरवा.

मला जास्त काळजी आहे ती साध्या मिठाची, आणि त्याबद्दल पत्रात कुणी बोललेलंच नाही. गॉर्डन यांच्या त्या मुलीचे आकडे केवळ मीठ तोडल्याने सुधारले होते. या आजारात प्रत्येक चिमूट किडनी कवटाळून ठेवते. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सगळ्यांसाठीच आहे आणि आपण सगळेच ती ओलांडतो. आपल्या गोव्यात ओलांडायला तर निमित्तंच निमित्तं. उकड्या तांदळाची पेज, सोबत खारं (खारवलेली सुकी मासळी), तोंडी लावायला आंब्याचं मिठातलं लोणचं, पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवणीच्या) बरण्या, सुक्या सुंगटांची किसमूर, पापड. आणि मुलगा सतरा वर्षांचा, म्हणजे चिप्सची पाकिटं आणि संध्याकाळचा गाड्यावरचा रॉस ऑम्लेट-पाव आहेच. सगळं एकदम बंद केलंत तर तो चोरून खाईल. घरात खारं आठवड्यातून एकदा, भिजवून पाणी टाकून, आणि ताटात वरून मीठ घ्यायचं नाही एवढं आधी साधा. सोलांची कढी करताना मीठ हात राखून घाला, आंबटपणाने चव भागते. मीठ कमी केलं की गोळीही कमी मात्रेत पुरते, हे त्याला सांगा. खेळणाऱ्या मुलाला हा मुद्दा पटतो.

घराण्याचा प्रश्न तुम्ही जरा दबक्या आवाजात विचारलात, मी मोठ्याने उत्तर देते. हा बदल आईकडून आलाय की वडिलांकडून, यात कुणाचा दोष नाही आणि जाऊबाईंच्या प्रमाणपत्राची गरजही नाही. बहुतेक घराण्यांत आई-वडिलांपैकी एकाकडून आलेली एक बदललेली प्रत पुरेशी असते, आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. केएलएचएल३च्या काही घराण्यांत दोघांकडून एकेक प्रत यावी लागते. सीयूएल३चा बदल पुष्कळदा मुलातच नव्याने झालेला असतो, आणि तो सगळ्यांत तीव्र, लहान वयातच दिसणारा. डब्ल्यूएनके१चा प्रकार त्या मानाने सौम्य. सासूबाईंना कौल लावायचा असेल तर लावू द्या, त्यांना धीर येईल. प्रसाद उजवा पडो की डावा, सकाळची गोळी सकाळीच.

धाकटीचं बीपी नॉर्मल आहे एवढ्यावर थांबू नका. या आजारात पोटॅशियम आधी वाढतं, बीपी पुष्कळदा नंतरच्या वयात. तिचं साधं इलेक्ट्रोलाइट्सचं (सोडियम, पोटॅशियम वगैरेंचं) रक्त तपासा. तेवढ्यासाठी जनुकीय तपासणी नको. ती आधी मुलाची करा, बदल सापडला की घरातल्यांचा नेमका तेवढाच बदल शोधता येतो आणि ते काम सोपं होतं. बदल सापडला नाही तरी उपचार थांबत नाहीत.

बोटीवर जायचं स्वप्न आताच मोडीत काढू नका. दर्यावर्दी लोकांची वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त डॉक्टर करतात आणि निर्णय त्यांचा असतो, मी इथून हो किंवा नाही म्हणू शकत नाही. पण एका गोळीवर वर्षभर स्थिर राहिलेले आकडे घेऊन गेलेला मुलगा आणि आजार लपवून गेलेला मुलगा, यांत फरक पडतो. समुद्रावर महिनोन्‌महिने रक्त तपासायची सोय नसते, गोळ्या संपल्या तर बंदर येईपर्यंत काही हाती लागत नाही, म्हणून लपवाछपवी करायची ही जागाच नाही. आतापासून प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलला लावा. बोटीवर स्वयंपाकघरापासून इंजिनापर्यंत अनेक कामं असतात, त्यातलं कुठलं झेपेल, याचा विचार बारावीनंतर डॉक्टरांबरोबर बसून करता येईल.

तुमच्या यजमानांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो तुम्ही एका ओळीत उरकला आहे आणि मला तोच सर्वांत तातडीचा वाटतो. तेहतिसाव्या वर्षी बीपी, एकदा मुतखडा, आणि मुलाला हे. मुतखडे कुणालाही होतात, पण डब्ल्यूएनके४च्या प्रकारात लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खडे होऊ शकतात. त्यांना हाच आजार सौम्य रूपात असेल तर टेल्मिसार्टन ही त्यांच्यासाठी अडचणीची गोळी आहे. ती चांगली आहे, लाखो लोक घेतात, पण पोटॅशियम बाहेर टाकायला सांगणाऱ्या अल्डोस्टेरॉनला ती कमी करते. ज्याचं पोटॅशियम आधीच अडकतं, त्याचं ती आणखी अडकवते. इतकी वर्षं बीपीच्या गोळ्या घेऊनही त्यांचं पोटॅशियम किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा कुणी पाहिलेलंच नसावं. स्वतःहून गोळी थांबवायला त्यांना सांगू नका, बीपी उसळेल. या आठवड्यात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट एवढं करून घ्या. रक्त देताना मूठ आवळायची नाही, आणि नमुना लगेच लॅबमध्ये पोचेल अशा वेळी, सकाळीच द्यायचा. पोटॅशियम साडेपाचच्या वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्याखाली आलं तरी तो रिपोर्ट मुलाच्या पुढच्या भेटीला बांबोळीला सोबत न्या, आणि या खेपेला गर्दी असली तरी आत बसून विचारा: ‘वडिलांनाही हीच गोळी द्यायची का?’